डोस निम्म्यावर आणला, मग ओव्हरडोस झाला कसा?

निशिगंधा_५६

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या. मोजकं बोलायला गेलं की नेमकं महत्त्वाचंच राहून जातं, हे डॉक्टरांसमोर बसून पुरेसं शिकले आहे.

मणक्याची दोन ऑपरेशन्स झाली. दुसऱ्यानंतरही डाव्या पायातली कळ गेली नाही ती नाहीच. शेवटी मॉर्फिनच्या एसआर गोळ्या सुरू झाल्या, म्हणजे पोटात हळूहळू सुटून बारा तास पुरणाऱ्या. वाढत वाढत सकाळी ६० आणि रात्री ६० मिलिग्रॅमवर आल्या आणि तिथेच जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. त्या डोसवर मी काही नाचत-बागडत नव्हते, पण उभी राहून सलग दोन तास घेत होते. (गणित शिकवते.) मी असलं काही घेते असा कुणाला संशयही आला नसता.

मग डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "दिवसाला १२० म्हणजे फार झालं. धोका कमी करायचा तर डोस कमी करायचा." मला लगेच पटलं. डोस वाढला की धोका वाढतो, तर डोस घटला की धोका घटणार. सरळ समप्रमाण. गणिताच्या बाईला न पटायला काय झालं?

ठरलं ते असं: दोन आठवडे ४५-४५, मग ३०-३०, आणि पुढे १५-१५.

४५-४५ ला तिसऱ्या दिवसापासून जांभया सुरू झाल्या. झोप येते म्हणून नव्हे, उगाचच, एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नाक गळायचं, अंगावर सारखा काटा, पोट बिघडलेलं. रात्री पाय एका जागी ठेवता येईनात. ३०-३० वर आल्यावर झोप जी गेली ती पूर्णच. त्यासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी अल्प्राझोलाम दिली. मॉर्फिनचं सांगितलं का? सांगितलं. पण "आता कमी करत आणलंय" असं सांगितलं. ते ऐकून तेही निर्धास्त झाले असावेत आणि मी तर होतेच.

३०-३० चा तिसरा आठवडा. रात्री नऊला ३० ची गोळी घेतली. अकराला अशी कळ सुटली की उशी दातांत धरली. ड्रॉवरमध्ये जुन्या ६० च्या गोळ्या होत्या. मनात म्हटलं, तीन वर्षं रोज रात्री हीच तर घेत होते, हिने मला काय होतंय? घेतली. अर्ध्या तासाने झोपेची गोळीही घेतली.

ह्यांना दीडच्या सुमारास माझ्या घोरण्याने जाग आली. मी घोरत नाही. म्हणजे इतक्या वर्षांत त्यांनी कधी ऐकलेलं नाही. ते घोरणं मध्येच थांबायचं, आणि थांबलं की थांबलेलंच राहायचं. हलवलं तर डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटायचे. दिवा लावला तेव्हा ओठ निळसर दिसले. पुढचं मला आठवत नाही. रुग्णवाहिकेत नॅलोक्सोन (मॉर्फिनचा असर उलटवणारं औषध) दिलं तेव्हा जागी झाले, ओकारी आली आणि कळ दुप्पट होऊन परत आली. पाऊण तासाने पुन्हा ग्लानी. पुन्हा नॅलोक्सोन. मग त्याचीच ड्रिप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. तिथली सिस्टर म्हणाली, "आमच्या औषधाचा असर उतरतो, तुमची गोळी मात्र आत सुटतच राहते."

आता माझा हिशोब बघा. त्या रात्री ३० अधिक ६०, म्हणजे ९०. त्या दिवशीची सकाळची ३० धरली तर दिवसाचे १२०. नेमका माझा तीन वर्षांचा डोस! मग तेव्हा काही झालं नाही आणि आता ओठ निळे कसे पडले?

इंटरनेटवर वाचलं तर एकीकडे लिहिलंय जास्त डोस म्हणजे जास्त ओव्हरडोस, दुसरीकडे लिहिलंय डोस कमी करणाऱ्यांमध्ये जास्त ओव्हरडोस. दोन्ही एकदम खरं कसं असेल? आणि आता मी काय करू, १२० वर परत जाऊ का? डॉक्टरांची वेळ आठ दिवसांनी आहे. तोवर ३०-३० च चालू ठेवा आणि झोपेची गोळी घेऊ नका, असं हॉस्पिटलने सांगितलंय.

आणि हो, जीव द्यायचा विचार नव्हता. तिथे तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं. तिसऱ्यांदा मात्र मी उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. त्या आठवड्यांत "हे असंच राहणार असेल तर कशासाठी" असं दोन-तीनदा मनात येऊन गेलं होतं. लपवत नाही.

---

तेच_ते

याला व्यसन म्हणतात. एकदम बंद करा. आठ दिवस त्रास होईल, मग सुटलात. माझ्या ओळखीत एकाने केलंय.

---

रात्रपाळी

तेच_ते, तुमच्या ओळखीतले सुटले, आनंद आहे. पण हा सल्ला कुणी खरा धरू नये म्हणून आधी त्यावरच लिहिते. तीन वर्षं रोज मॉर्फिन घेणाऱ्या कुणाचंही शरीर त्यावर अवलंबून राहतं. रक्तदाबाची काही औषधंसुद्धा एकदम सोडता येत नाहीत, त्यांना आपण व्यसन म्हणत नाही. आणि एकदम बंद करण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, एप्रिल २०१९ मध्ये मुद्दाम सूचना काढली. अचानक थांबवलेल्या किंवा झपाट्याने कमी केलेल्या पेशंट्समध्ये तीव्र विथड्रॉवल (औषध तुटल्याने शरीराला होणारा त्रास), आटोक्यात न येणारं दुखणं आणि आत्महत्या यांचे अहवाल आले होते म्हणून.

आता ताई, तुमच्याकडे येते. मी नर्स आहे, बावीस वर्षं, त्यातली नऊ पेन क्लिनिकमध्ये. तुमच्यासारखी रात्र मी बऱ्याच जणांची पाहिली आहे. त्यातले निम्मे "मी तर कमी करत होतो" असंच म्हणत शुद्धीवर येतात.

मेंदूच्या देठात श्वासाची लय धरणाऱ्या पेशी असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या आपल्याला श्वास घ्यायला लावतात, झोपेतसुद्धा. मॉर्फिन त्यांना सुस्त करतं. रोज ठरावीक डोस मिळत राहिला की त्या पेशी त्याला सरावतात आणि सुस्ती असूनही काम रेटतात. यालाच आम्ही टॉलरन्स म्हणतो. आता यातली मेख अशी की हा सराव रोजच्या डोसावरच टिकतो. डोस उतरवला की काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, तो ओसरू लागतो. दुखणं मात्र ओसरत नाही. आणि "६० माझा डोस" ही डोक्यातली आठवण तर मुळीच ओसरत नाही. तुम्ही त्या रात्री तीन वर्षांच्या सवयीने गोळी घेतलीत आणि ती पोचली गेल्या काही आठवड्यांत सवय मोडलेल्या शरीरात.

तुमच्या १२० च्या हिशोबातही एक चूक आहे, रागावू नका. आधीचे १२० दिवसभरात बारा-बारा तासांवर विभागलेले होते. त्या रात्री नव्वद दोन तासांच्या आत गेले. म्हणजे आता बारा तासांना तीसच मिळणाऱ्या शरीराला एकदम तिप्पट.

आणखी एक, जे आम्हाला शिकताना कुणी ठासून सांगितलं नव्हतं. दुखण्यावरचा असर सवयीने जितका बोथट होतो तितका श्वासावरचा होत नाही. "आता या गोळीने काहीच वाटत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचाही श्वास मंदावलेला असू शकतो. पूर्ण सराव होतच नाही, थोडी फट कायम राहते. अल्प्राझोलाम त्या फटीत शिरली. ओपिऑइड (म्हणजे मॉर्फिनच्या जातीची औषधं) आणि या जातीच्या झोपेच्या गोळ्या एकत्र घेण्याबद्दल अमेरिकेत ऑगस्ट २०१६ पासून दोन्हींच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वरच्या चौकटीत इशारा आहे. पायाच्या कळेसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन चालू आहे का? असेल तर तेही यात धरा. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्याबद्दलही श्वास मंदावण्याचा इशारा आला. मूत्रपिंडाची तपासणी शेवटची कधी केलीत? ते मंद असेल तर मॉर्फिनपासून तयार होणारा एक जोरकस घटक शरीरात साठत जातो.

तुमचा उतार मात्र मला फार घाईचा वाटतो. १२० वरून ९० ही २५ टक्के घट. ९० वरून ६० हे दिसायला तेवढेच ३०, पण घट ३३ टक्के. आणि ६० वरून ३० म्हणजे थेट निम्मं. खाली येऊ तसं तेच पाऊल मोठं होत जातं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! वर्षभराहून जास्त घेणाऱ्यांसाठी महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, सीडीसीच्या, २०२२ च्या मार्गदर्शनात आहे. मध्ये थांबायचीही मुभा असते. थांबणं म्हणजे नापास होणं नव्हे.

१२० वर स्वतःहून परत चढू नका. आज तो तुमचा डोस राहिलेला नाही. थोडं वर न्यायचं की इथेच थांबायचं हे डॉक्टर ठरवतील. पण कळ असह्य असेल तर आठ दिवस थांबू नका, उद्याच फोन करा आणि पहिल्या वाक्यात ओव्हरडोस झाला हे सांगा. ड्रॉवरमधल्या ६० च्या गोळ्या आजच्या आज घराबाहेर, फार्मसीत परत. नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा घरात ठेवा आणि तो तुम्ही नाही, तुमच्या ह्यांनी शिकायचा. हाक मारून उठत नसेल तर छातीच्या हाडावर मुठीची बोटं जोरात घासायची. तरी उठत नसेल, श्वास अडखळत किंवा घरघरत असेल तर आधी रुग्णवाहिकेला फोन, फवारा एका नाकपुडीत, कुशीवर वळवायचं, दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. श्वास थांबलाच असेल तर तोंडाने श्वास द्यायचा. शुद्ध आली तरी हॉस्पिटलला जायचंच. का ते तुम्हाला सिस्टरने सांगितलंच आहे.

तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते डॉक्टरांनाही याच शब्दांत सांगा. डोस उतरवताना असे विचार येणं हा उताराचाच भाग असू शकतो, तुमचा स्वभाव नव्हे. पुन्हा आले तर त्या क्षणी ह्यांना उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. त्या घटकेला घरात गोळ्यांचा साठा नसणं यातही किती फरक पडतो ते मी पाहिलंय.

---

अपूर्णांक

बाई, तुम्ही विचारलंत दोन्ही एकदम खरं कसं. माझं काम आरोग्याच्या आकडेवारीचं, तेवढ्यापुरतं बोलतो.

"जास्त डोस, जास्त धोका" हे बऱ्याच अंशी २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासापासून रूढ झालं. जुन्या दुखण्यासाठी ओपिऑइड घेणारे ९,९४० लोक, त्यांत ५१ ओव्हरडोस, पैकी ६ मृत्यू. दिवसाला (मॉर्फिनच्या मापात) २० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांच्या तुलनेत १०० किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांचा धोका ८.९ पट निघाला, ५० ते ९९ वाल्यांचा ३.७ पट. पुढे इतरांनाही याच दिशेचं आढळलं. निष्कर्ष खोटा नाही. पण इथे तुलना कुणाची कुणाशी आहे? १०० घेणारा माणूस आणि २० घेणारा *दुसरा* माणूस. १०० वर असलेल्या त्याच माणसाला २० वर आणलं तर काय होईल, हा प्रश्न त्या अभ्यासाला विचारलेलाच नव्हता. तुमचं समप्रमाण नेमकं तिथे घसरलं. चढताना जी रेघ दिसते त्याच रेघेवरून उतरता येईल असं गृहीत धरलं गेलं, आणि तुम्हीच काय, मोठमोठ्यांनी धरलं. २०१६ च्या सीडीसी मार्गदर्शनात ५० ला सावध व्हा आणि ९० टाळा असे आकडे होते. ते नव्याने सुरू करणाऱ्यांचा डोस चढवताना पाळायचे होते. पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं स्थिर असलेल्यांना खाली खेचायला वापरले गेले. २०२२ च्या आवृत्तीत मुख्य शिफारशींतून ते काढून टाकले.

"बदल" या गोष्टीकडे लोकांनी नंतर पाहिलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतल्या सुमारे १४ लाख पेशंट्सचा अभ्यास आला. ओपिऑइड थांबवल्यावर ओव्हरडोस किंवा आत्महत्येने मृत्यूचा धोका, न थांबवणाऱ्यांच्या तुलनेत: महिनाभरापर्यंतच घेतलं असेल तर १.६७ पट, ४०० दिवसांहून जास्त घेतलं असेल तर ६.७७ पट. मधले गट मध्ये, क्रमाने चढत. शिवाय सुरू केल्यानंतरचे पहिले महिनेही धोक्याचेच निघाले. दोन्ही टोकं धोक्याची.

२०२१ चा अभ्यास तुमच्या प्रकरणाच्या जास्त जवळ आहे. ५० किंवा त्याहून वरच्या डोसवर स्थिर असलेले १,१३,६१८ लोक. डोस उतरवल्यानंतरच्या काळात दर १०० व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे शंभर लोक वर्षभर पाहिले तर) ओव्हरडोस किंवा विथड्रॉवलचे ९.३ प्रसंग, न उतरवलेल्या काळात ५.५. मानसिक संकटाचे प्रसंग ७.६ विरुद्ध ३.३. उतार जितका वेगाचा तितका फरक मोठा. त्याच गटाने पुढे पाहिलं तर उतरवल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षातही धोका पूर्ववत झालेला नव्हता.

आता माझी कुरकूर, कारण तिच्याशिवाय हे आकडे सांगणं म्हणजे अर्धवट गणित. एक, ९.३ मध्ये ओव्हरडोस आणि विथड्रॉवल दोन्हींसाठीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या एकत्र मोजल्या आहेत. सगळे तुमच्यासारखे निळे पडले होते असं नाही. दोन, ज्यांचा डोस कमी केला गेला ते का केला गेला? काहींच्या बाबतीत डॉक्टरांना आधीच काहीतरी खटकलं असेल. तो दोष गणिताने बराच कमी करता येतो, शून्य करता येत नाही. तेव्हा "उतरवल्यामुळेच झालं" असं मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही. पण रात्रपाळींनी सांगितलेली शरीराची यंत्रणा आणि हे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

टॉलरन्स किती लवकर जातो याचं सगळ्यात भयंकर उदाहरण गोळ्यांचं नाही, तुरुंगाचं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास, २००७ साली छापलेला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ड्रग ओव्हरडोसने मरण्याचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट. आत असताना सवय मोडते, बाहेर येऊन माणूस जुनाच डोस घेतो. तुमचा ड्रॉवर त्याचीच घरगुती आवृत्ती, असं म्हटलं तर राग मानू नका.

---

कंबरमोडे

निशिगंधाताई, तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि घाम पण फुटला, कारण मी तुमच्याहून मोठा शहाणा.

मला ९० वरून खाली यायचं होतं. डॉक्टर म्हणाले सावकाश येऊ, पण मला घाई. म्हटलं मधला डोस आपणच तयार करू. घेतली सुरी आणि एसआर गोळीचे केले दोन तुकडे. अर्धी गोळी म्हणजे अर्धा डोस, बरोबर? तर नाही. त्या गोळीची रचनाच बारा तास पुरवून सोडायची. ती मोडली की बारा तासांचा माल तासा-दोन तासांत बाहेर. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान लुळी पडली. मुलीने गदागदा हलवलं, नशिबाने उठलो. आणि मजा अशी की संध्याकाळपासून उलटाच खेळ, जांभया आणि पाय झाडणं, कारण बारा तासांचं औषध तर दुपारीच उडून गेलेलं. एकाच दिवसात ओव्हरडोस आणि विथड्रॉवल दोन्ही, तेही डोस *कमी* करून! डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते मिनिटभर काही बोललेच नाहीत.

नंतर त्यांच्या पद्धतीने गेलो. १५ ची गोळी मिळते, तर एका वेळी एका बाजूची १५ कमी. आधी सकाळची, कारण रात्रीची काढली की झोप जाते आणि झोप गेली की माणूस भलतंसलतं घेतो. (तुमचंच बघा.) मध्ये एकदा तीन महिने एकाच डोसवर बसून होतो. ९० वरून ३० ला यायला चौदा महिने लागले. ३० वर आहे आणि तिथेच राहणार आहे, डॉक्टरांचीही हरकत नाही. शून्यावर गेलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

---

थोरली_लेक

मध्येच विचारते, माफ करा. बाबांना मॉर्फिनच्या गोळ्या बंद करून फेंटानिलचा (हेही मॉर्फिनच्याच जातीचं) पॅच लावलाय, सहा दिवस झाले, म्हणजे दुसरा पॅच चालू आहे. कालपासून ताप आहे, १०३. पांघरूण घेऊन झोपून आहेत. आज जास्तच पेंगतायत, बोलता बोलता डोळे मिटतात. तापाची ग्लानी असेल ना? डोस तर कुणी बदललेला नाही.

---

रात्रपाळी

थोरली_लेक, हे वाचत असाल तर आधी फोन उचला. रुग्णवाहिका बोलवा, पॅच आहे आणि ताप आहे हे सांगा. पॅच सोलून काढा, चिकट बाजू आत दुमडा, हात धुवा, आणि बाबांना एकटं सोडू नका. बोलतं ठेवा, श्वास मोजा.

डोस कुणी बदलला नाही, तापाने बदलला. कातडी तापली की पॅचमधून औषध जास्त जातं. ताप ४० अंश सेल्सिअसला (१०४ फॅरनहाइट) गेला तर रक्तातलं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतं. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, यांनीही तेच. आणि काढला म्हणजे संपलं असं नाही. आधीच कातडीत साठलेलं उतरत राहतं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सतरा तास, कधी त्याहून जास्त. म्हणून घरी थांबून बघू नका.

---

थोरली_लेक

दाखल केलंय. श्वास मिनिटाला आठ होते. आता बरे आहेत, डॉक्टर म्हणाले चोवीस तास तरी नजरेखाली ठेवतील. न्यूमोनियाही निघाला. रात्रपाळी, काय बोलू.

---

निशिगंधा_५६

थोरली_लेक, बाबांना आराम पडो. तुमची पोस्ट मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

माझं सांगते. फोन दुसऱ्याच दिवशी केला, पहिल्या वाक्यात "ओव्हरडोस झाला" म्हटलं, वेळ तिसऱ्या दिवसाची मिळाली. जाताना आलेख काढून नेला. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर मिलिग्रॅम, पायऱ्या काळ्या शाईने, त्या रात्रीचा ठिपका लाल. प्रत्येक पायरीवर किती टक्के ते लिहिलं. २५, ३३, ५० असं एकाखाली एक दिसल्यावर मलाच लाज वाटली. पोरांना शेकडेवारी शिकवते आणि स्वतःची पायरी मोजली नाही.

डॉक्टर आधी थोडे अवघडले. म्हणाले, १२० धोक्याचा होता हे मी अजूनही म्हणतो. मी म्हटलं, होता, मान्य, पण उतरण्याचाही धोका आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ड्रॉवर रिकामा केला असता. यावर त्यांनी मान हलवली आणि मग खरं बोलणं सुरू झालं. तासाभराच्या त्या बोलण्यात कळलं की झोपेची गोळी मी घेते हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि रात्रपाळी, प्रीगॅबालिन आहे! ७५, दिवसातून दोनदा, पहिल्या ऑपरेशनपासून. मी त्याला गोळ्यांत मोजतच नव्हते. हॉस्पिटलमध्येही सांगायचं राहिलं होतं.

ठरलं ते असं. सकाळी ३०, रात्री ४५, म्हणजे थोडं वर, आणि तिथे किमान दोन महिने काहीही बदलायचं नाही. अल्प्राझोलाम मी एकूण नऊच वेळा घेतली होती, ती बंद. प्रीगॅबालिन मूत्रपिंडाच्या रिपोर्टनंतर ठरवू, रक्त देऊन आले. मनात येणाऱ्या विचारांचंही सांगितलं. त्यासाठी एक बाई भेटणार आहेत, पुढच्या आठवड्यापासून. १५-१५ चा बेत त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

कंबरमोडे, सुरीची गोष्ट त्यांना सांगितली. म्हणाले, असे पेशंट त्यांच्याकडेही येतात.

जुन्या गोळ्या मोजल्या तर ६० च्या तेवीस निघाल्या. फार्मसीत परत देताना काउंटरवरच्या मुलाने "एवढ्या?" असं विचारलं. उत्तर दिलं नाही. नॅलोक्सोनचे दोन फवारे आणलेत, एक पलंगाशेजारच्या खणात आणि एक ह्यांच्या बॅगेत. फवारा कसा धरायचा याचा सराव ह्यांनी रिकाम्या पेनावर केला, अकरा वेळा.

झोप हळूहळू परत येते आहे, मला. ह्यांची मात्र गेली. काल रात्री दोनदा हलवून उठवलं त्यांनी. घोरत नव्हते मी. शांत झोपले होते, म्हणूनच.